सवतीची केळ

नाब्बोसाच्या परसातली केळी बघायला माणसं वाट वाकडी करून यायची, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं. सकाळी बुंध्यांभोवतीचा पाचोळा सारखा करताना तिचा अर्धा जीव कानात असायचा. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की ती उगाचच मोठ्यानं खाकरायची. मग सायकलवाला थांबायचा.

"काय घड आहे गं बाई! हा उतरवायला एकटा नवरा पुरेल, की सगळं सासर बोलवायचं?"

"कसलं काय दादा, यंदा दमच नाही केळीत," नाब्बोसा म्हणायची, आणि मग दिवसभर स्वतःशीच हसत राहायची.

बाग होतीच तशी. एका बुडात तीनच जीव ठेवायचे: आई, लेक आणि नात. चौथं डोकं वर आलं की कोयता. घडाची शेवटची फणी उघडली की खालचं केळफूल हातानं मोडायचं. पाचोळा घालायचा तो बुंध्यापासून वीतभर लांब, खेटून घातला तर सोंडेकिड्याला आवतण. आमच्याकडच्या बायकांना हे येतंच. नाब्बोसाला जरा जास्त येत होतं, आणि आपल्याला जास्त येतं हे ती कुणाला विसरू द्यायची नाही.

एवढी गुणाची बाई, पण दुसऱ्याचं चांगलं झालेलं तिला बघवायचं नाही. शेजारणीच्या कोंबडीची सगळी अंडी उबली, की हिचं जेवणावरचं मन उडायचं. एकदा मयताच्या घरी कुणीतरी भलत्याच बाईनं वाफवलेल्या मटोकेची, म्हणजे कच्च्या केळ्यांच्या आमच्या रोजच्या जेवणाची, तारीफ केली, तर ही रडायची थांबली. मेलेला माणूस हिचा सख्खा चुलता होता.

अशा बाईच्या दारात नवरा सवत घेऊन आला.

लुकवागो, म्हणजे तिचा नवरा, तिच्याच बागेतले घड सायकलला बांधून तळ्याकाठच्या गावांत विकायचा आणि येताना धुरावलेले मासे आणायचा. एका खेपेला त्यानं माशांबरोबर पेरुसीलाही आणलं. सवत आली तीही माझ्याच केळ्यांवर, हे नाब्बोसाच्या डोक्यातून कधीच गेलं नाही.

"घरात माणूस वाढलं म्हणजे तुलाच हातभार," लुकवागो म्हणाला.

"हातभार? मग तिच्यासाठी वेगळं घर कशाला बांधताय? बसवा की माझ्याच चुलीशी."

यावर तो सायकलची साखळी बघायला खाली वाकला. बायको बोलायला लागली की त्याची साखळी नेमकी उतरायची.

वेगळं घर, वेगळी चूल आणि घरामागे जिची तिची केळ, ही आमच्याकडची रीत. पेरुसीला जुन्या गोठ्याची जागा मिळाली. राहिले मुनवे, म्हणजे लावायला केळीची पिलं. तीही रीतच: दारात येऊन कुणी मुनवा मागितला तर नाही म्हणायचं नाही. नाही म्हणणाऱ्या बाईबद्दल लोक काय काय बोलतात, ते इथे सांगत नाही.

पेरुसी आली, गुडघे टेकून नमस्कार केला आणि म्हणाली, "अक्का, मला थोडे मुनवे द्याल? मला यातलं काही कळत नाही. आमच्याकडे जाळं टाकायचं आणि ओढायचं. जमिनीत कसं लावतात कुणी शिकवलंच नाही."

"मासे लावून बघ. उगवले तर मलाही दे चार."

पोरगी खळखळून हसली. तिला टोमणा कळलाच नाही, की कळूनही हसली, कोण जाणे. पण नाब्बोसाच्या अंगाचा तिळपापड झाला. तरणं हसू होतं ते, सगळे दात जागच्या जागी असलेलं.

मुनवे दोन तऱ्हेचे निघतात. एक अरुंद पानांचा, भाल्याच्या पात्यासारखा. दिसायला काडी, पण खाली कांदा चांगला मुठीत न मावणारा. दुसरा रुंद पानांचा, हिरवागार, बघताक्षणी उचलावासा वाटेल असा. त्याचा कांदा मात्र नावापुरता. पहिल्याची केळ घरादाराला जेवू घालते. दुसऱ्याची पहिल्या वाऱ्याला आडवी होते. नाब्बोसानं कुदळ घेतली आणि बागभर फिरून एकूण एक रुंद पानांचे मुनवे काढले. चांगला मुनवा काढायला लागत नव्हता एवढा वेळ तिला वाईट निवडायला लागला.

"किती सुंदर आहेत, अक्का!" पेरुसीचे डोळे भरून आले. "मला वाटलं होतं, तुम्ही रागावला असाल."

"छे गं. घरचं माणूस तू. तुला काय वाईट देऊ?"

त्या दिवशी नाब्बोसा चवीनं जेवली.

पेरुसीची केळी पानांनी गच्च झाली. लुकवागो येताजाता म्हणायचा, "बघ, कोळ्याची पोर पण हात कसा आहे!" नाब्बोसा म्हणायची, "हो ना, देवानं पानं भरपूर दिलीत." मनात म्हणायची, घड येऊ दे, मग हात बघा. ती त्या दिवसाची वाट बघत होती आणि खरं सांगायचं तर तिचे दिवस मजेत चालले होते.

मग पेरुसीला मुलगी झाली.

बाळामागून पडणारी वार म्हणजे बाळाचं जुळंच. मुलीची वार मटोकेच्या केळीच्या बुडाशी पुरतात, मुलाची दारू गाळायच्या केळीच्या. मग त्या केळीचा घड भरून येईपर्यंत तिला कुणी परक्यानं हात लावायचा नाही, आणि घरच्यांनी तिच्याबद्दल बोलायचंही नाही. घड उतरला की घरच्या माणसांनी एका पंगतीला बसून खायचा. घडाआधी केळ पडली तर जुळं मातीखालून हाका मारत राहतं. कुणाला हाका मारतं, ते कुणी बोलून दाखवत नाही.

केळ निवडायचा मान बाळाच्या आजीचा. लुकवागोची आई दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन काठी टेकत पेरुसीच्या परसात आली. एकेका केळीची पानं हातानं चाचपत गेली आणि चुलीमागच्या केळीपाशी थांबली.

"ही. पान बघा हिचं, राणीच्या अंगरख्यासारखं."

नाब्बोसा पाण्याचा घडा घेऊन शेजारीच उभी होती. त्या केळीच्या बुडाशी काय होतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"आई, ती नको."

"का नको?"

"नाही... धुराजवळ आहे."

"मग उबेला राहील पोर. चल, खड्डा कर."

खड्डा नाब्बोसानंच केला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. बोलावं तर आपलं पितळ उघडं पडणार, न बोलावं तर केळ पडणार. सवतीची पोर, सवतीची केळ, आणि घोर मात्र हिच्या जिवाला.

पावसाच्या आधीचं वारं सुटलं तशा पेरुसीच्या तीन केळी एका दुपारी लोळल्या. "माझा हातच नवीन," ती बिचारी सगळ्यांना सांगत सुटली. नाब्बोसा बघायला गेली. उपटून आलेले कांदे तिनं पायानं मातीत ढकलले आणि मान वळवून चुलीमागे बघितलं. ती केळही कलली होती.

दुसऱ्या दिवसापासून नाब्बोसाचा नवाच उद्योग सुरू झाला. पेरुसी सकाळी पोरीला पाठीशी बांधून झऱ्यावर गेली, की ही कुंपणाच्या फटीतून आत. आधी दोन बेळक्यांचा टेकू दिला. केळीच्याच वाळल्या सोपटाची दोरी वळून केळ अंजिराच्या झाडाला ताणून बांधली. आळं केलं, शेण घातलं, त्यावर कॉफीची टरफलं पसरली. आणि हे सगळं करताना तोंडाचा पट्टा चालूच.

"उभी राहा, मेले! सवतीच्या घरची म्हणून लोळतेस? तुझ्यासाठी नाही करत मी, कान उघडून ऐक. तुझी मालकीण तिकडे झऱ्यावर हसत बसली असेल, आणि मी इथं शेणात!"

त्या केळीबद्दल बोलायचं नाही एवढीच रीत होती. तिला शिव्या द्यायच्या नाहीत, असं कुणी म्हटलं नव्हतं.

पेरुसीला वाटायचं, टेकू सासूबाईंनी कुणाकडून तरी देववला असेल, त्यांचाच तो मान. सासूला हाताला दोरी लागायची, आळं लागायचं. तिला वाटायचं, सून मोठी गुणी निघाली. विचारायची सोय नव्हती. आणि इकडे नाब्बोसाच्या बागेत चौथी, पाचवी डोकी वर आली, शेळ्या शिरल्या. सायकलवाले न थांबता जायला लागले. ती खाकरायची आणि घंटी पुढे निघून जायची. तिला रडू यायचं, पण दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा त्या फटीकडेच वळायचे.

घड आला. तसल्या मुनव्याला कधी येत नाही असा आला. पेरुसीच्या बाकीच्या केळी एकेक करून गेल्या होत्या. ही एकटी घड पोटाशी धरून उभी होती. लुकवागोला उतरवताना शेजाऱ्याला हाक मारावी लागली.

पेरुसीनं केळी सोलली, पानांत बांधली, वाफवली आणि पुडकं पानासकट हातांनी दाबून मऊ केलं. चटया अंथरल्या. शेंगदाण्याचं कालवण आलं. पान उघडलं तशी पिवळ्याधमक मटोकेची वाफ घरभर झाली. म्हातारीनं हात धुऊन एक घास मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"आमच्या घरात या घडाचा पहिला घास केळ वाढवणारीचा," ती म्हणाली. "आता बोलायला हरकत नाही म्हणून बोलते. किती सुना बघितल्या मी, पण अशी जपणूक नाही बघितली. ती दोरी, ते आळं! आंधळीच्या हातालाही कळत होतं."

"मी कुठे, आई—" पेरुसी बावरून म्हणाली.

"गप. तारीफ ऐकताना बोलू नये. तोंड उघड."

"नाब्बोसा," लुकवागोनं कालवणात बोट बुडवत म्हटलं, "तूही काही शिक हिच्याकडून. तुझ्या बागेत हल्ली शेळ्या नांदतात."

नाब्बोसा गप्प बसली असती तर काही बिघडलं नसतं. केळ उभी राहिली होती, घड उतरला होता, पोर आईच्या मांडीवर धडधाकट पाय झाडत होती. तिचं काम झालं होतं आणि कुणाला काही कळलेलं नव्हतं. पण तो घास सवतीच्या तोंडाकडे निघालेला तिनं बघितला, आणि तिच्याच्यानं राहवेना.

"मी!" ती ओरडली. "टेकू माझा, दोरी माझी, शेण माझं! हिला केळीचं डोकं कुठलं नि पाय कुठले ते कळत नाही! मी नसते तर ही केळ केव्हाच आडवी झाली असती!"

म्हातारीचा हात अधांतरी थांबला. "का आडवी झाली असती?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. वाऱ्यानं, असं म्हणून सुटता आलं असतं. पण नाब्बोसाच्या तोंडून खरं तेच निघालं.

"मुनवेच तसले दिले होते मी. सगळे. निवडून."

लुकवागो ताडकन उठला. पेरुसी मात्र बसूनच होती. तिनं पोरीला जवळ ओढलं. पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"मग बाकीच्या का नाही जपल्या, अक्का?"

"त्या पडाव्यात असंच वाटत होतं मला," नाब्बोसा म्हणाली. "अजून वाटतं."

"ऐकलंस, आई?" लुकवागो कडाडला. "हिला आजच्या आज माहेरी—"

"खाली बस," म्हातारी म्हणाली. "मासे आणायला गेला होतास, तेव्हा विचारलं होतंस मला?"

लुकवागो बसला. म्हातारीनं दुसऱ्या हातानं चाचपत नाब्बोसाची हनुवटी शोधली.

"आ कर. वाढवणारीचा घास वाढवणारीला. चांगल्या मनानं वाढवली पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही."

नाब्बोसानं घास घेतला. मऊ होता, पानाचा वास त्यात उतरला होता, आणि तिच्या बागेतल्या एकाही घडाला आजवर अशी गोडी आली नव्हती. जुन्या गोठ्याची माती! इतक्या रद्दड मुनव्याला ही चव, मग चांगला लावला असता तर काय झालं असतं, या विचारानं तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पेरुसी तिच्याकडे एकटक बघत होती.

"जरा जास्त वाफवलंय," नाब्बोसा म्हणाली, आणि तिनं पुन्हा पानाकडे हात नेला.