भावाले पाह्यले

गाडीच्या समोरच्या काचेला खडा लागून टवका उडाला, तर तो भरायला मला पाऊण तास पुरतो. त्या दिवशी दोन तास लागले. त्यातला कामाचा वेळ पाऊण तासच. बाकीचा माझ्या तोंडाने खाल्ला. आणि त्या गाडीतली बाई आपल्या भावाला शेवटचं भेटायला निघाली होती. ही शेवटची भेट आहे हे तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त तिच्या नवऱ्याला.

माझं दुकान पिपरी मेघेत, आर्वीच्या रस्त्याला. टिनाचं शेड, पुढे कडुनिंब, दोन खुर्च्या. लोक म्हणतात, हा माणूस काच फुकट भरतो आणि पैसे गोष्टी ऐकवायचे घेतो. एकदा मी काचेवर वाळलेली पाखराची शीट टवका समजून, भिंग लावून, दहा मिनिटं तपासली होती. गिऱ्हाइकाने शेवटी थुंकी लावून बोटाने पुसून दाखवली. असा मी कारागीर.

मे महिना होता. हिंगणघाटकडून एक जुनी पांढरी गाडी आली. चालवणारे काका साठीपलीकडचे, नोकरीतून निवृत्त झालेले वाटले; शेजारी काकू, मांडीवर स्टीलचा डबा. पुढच्या फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती. ट्रकच्या चाकातून गिट्टी उडाली होती आणि काचेवर चांदणी पडली होती. मधे खड्डा आणि भोवती बारीक किरणं असली, की त्या टवक्याला आम्ही चांदणी म्हणतो.

“तळेगावले जाचं हाय,” काका म्हणाले. “तशीच नेली तं चालन का?”

खरं उत्तर मला झोपेतही देता आलं असतं. चालते. टवक्यावर चिकटपट्टी लावायची, एसी बंद ठेवायचा, बेताने जायचं आणि परतताना काम करून घ्यायचं. समोरची काच म्हणजे दोन काचा आणि त्यांच्या मधे प्लास्टिकचा पापुद्रा. तडा लांबतो, पण काच अंगावर कोसळत नाही. पण सकाळपासून दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि बोलायलाही कोणी नव्हतं. यातलं दुसरं कारण मोठं.

“काकाजी,” मी म्हणालो, “वाटंत आर्वीच्या आधीच काच मांडीवर घ्यान. पाहा बाप्पा, मर्जी तुमची.”

त्यांनी काकूंकडे पाहिलं. “किती टाइम लागन?”

“चहा पेस्तोवर.”

ऊन इतकं होतं, की आधी काच थंड व्हायलाच वेळ हवा. टवक्यात भरायचं रेझिन, म्हणजे डिंकासारखं पातळ रसायन, तापलेल्या काचेत नीट बसत नाही. गाडी निंबाखाली घेतली. काका माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मी विचारलं, “लग्नाले का?”

“नाई. हिच्या भावाले पाह्यले चाललो.”

आमच्या बोलीत हा ‘ले’ एकटाच दोन घरची कामं करतो. भावाले पाह्यले म्हणजे भावाला बघायला. आणि भावाले पाह्यले म्हणजे भावासाठी पोरगी बघायलाही. लगीनसराईचे दिवस, नीट परीटघडीचे कपडे, बाईच्या मांडीवर डबा. काकूंच्या वयाकडे न पाहता मी दुसरा अर्थ घेतला आणि त्यावर स्वार झालो.

“काकू, डब्यात काय, पेढे का?”

“लाडू हायत जी. त्याले लय आवडतात.”

“मंग तं झालंच समजा त्याचं!”

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. काकांनी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. मला वाटलं, मेव्हण्याच्या लग्नाचा खर्च आठवला असेल.

त्यांचा फोन वाजला. ते लांब जाऊन हळू बोलले, परत आले. “भाऊ, जरा लवकर करा.”

“पोरीवाले घाईत दिसून राह्यले,” मी म्हणालो. “काकाजी, घाईत भरलेली काच अन् घाईत पाह्यलेली पोरगी, दोन्ही मांगून तडकते.”

मग मी माझ्या स्वतःच्या बघण्याची गोष्ट काढली. मी चुकून शेजारच्या घरात शिरलो होतो आणि तिथे पोहे खाऊन, तिथल्या लग्न झालेल्या पोरीला पसंत करून आलो होतो. काकू खिडकीतून कान देऊन होत्या, म्हणून मला आणखी चेव चढला. हातवारे करायचे म्हणून रेझिनची पिचकारी मी बॉनेटवर ठेवली. निंबाची सावली सरकली होती. आमचं रेझिन उन्हाने कडक होतं, हे मी रोज दुसऱ्यांना सांगतो. गोष्ट संपली तेव्हा पिचकारी दगड झाली होती. दुसरी आत कुठे ठेवली ते सापडेना. फोन पुन्हा वाजला. या वेळी काकांनी तो उचललाच नाही, नुसता हातात धरून उभे राहिले.

काम झालं. चांदणी जवळजवळ दिसेनाशी झाली. मी ओरडून म्हणालो, “येजा परत, तोंड गोड कराले!”

आठ-दहा दिवसांनी ते परत आले. दोघांचे कपडे पांढरे. भावाच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसासाठी बौद्ध घरांत करतात त्या विधीला, चालले होते. काका उतरून एकटेच आत आले आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. फोन भाच्याचा होता, लवकर या म्हणून. काकूंना वाटेत त्रास होऊ नये, म्हणून ‘थोडी तब्येत बिघडली’ एवढंच सांगितलं होतं. माझ्या थट्टेला अडवून घाई केली असती, तर तिच्यासमोर खरं बोलावं लागलं असतं.

“आम्ही पोचलो, अन् अर्ध्या घंट्याआधीच तो गेलता,” ते म्हणाले. “डोये दरवाज्याकडंच होते म्हणते.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात काकूही उतरून आल्या. माझ्यावर राग दिसत नव्हता. दिसला असता तर बरं झालं असतं.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “एक खरं सांगा. हे म्हणते का थांबाच लागत होतं. तशीच नेली असती गाडी, तं खरंच फुटली असती का काच?”

काका आपल्या चपलांकडे पाहत होते. खरं उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं. मी नाही म्हटलं असतं, तर त्यांच्या घरात तो अर्धा तास जन्मभर त्यांच्या नावावर राहिला असता. हो म्हटलं, तर मी सुटत होतो.

“फुटली असती, काकू,” मी म्हणालो. “मांडीवर आली असती.”

 त्या नवऱ्याला म्हणाल्या, “मंग काय करता. चला, तिकडं लोकं वाट पाहून राह्यले असतीन.”

जाताना काकांनी माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला. माझे आभार मानत होते ते.

माझ्या फजितीच्या बाकीच्या गोष्टी मी गावभर तिखटमीठ लावून सांगतो. ही फक्त बायकोला सांगितली. सांगून झाल्यावर म्हणालो, “त्या माणसासाठी खोटं बोललो मी.”

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने विचारलं, “त्याच्यासाठी, का तुमच्यासाठी?”