सईची सुरी

खड्गधारिणी जगदंबेला वंदन करून, नात सई रानात एकटी मुक्कामाला निघाली त्या निमित्ताने हे लिहितो. काटक्या तासायला आणि भाजी चिरायला तिला पाते मुठीत न मिटणारी सुरी हवी होती. लोहाराकडे, तिला कापेल या भीतीपोटी, मी मुद्दाम बोथट सुरी उचलली.

"आजोबा, हिला जोर लावावा लागतो," लोहार म्हणाला. "मग निसटते अन् बोटच कापते."

मी ती परत ठेवली. धारदार सुरी घेतली. सुरी हातात दिली की भांडण होते म्हणतात, म्हणून सईपुढे जमिनीवर ठेवली.

"आजोबा, किती घाबरताय!" ती हसून सुरी उचलत म्हणाली.

देवीच्या हातातील खड्गाला जन्मभर निःशंक नमस्कार केला. नातीच्या हातातील वीतभर पात्याने मात्र छाती अजून धडधडते आहे. वाचकहो, तुमच्या घरच्या लेकीही सुखरूप परतोत.