चिरलेलं लाकूड

नुकत्याच फोडलेल्या ओल्या लाकडाचा वास आला की मला इंग्रजांच्या राज्यातला तो हिवाळा आठवतो, जेव्हा माझा थोरला भाऊ एका साहेबाचा कारकून म्हणून काश्मीरला होता. त्याच्याबरोबरचा एक जण रजेवर बुऱ्हाणपूरला आला आणि सहज सांगून गेला, की तुमचा मुलगा आता साहेबासारखा स्की करतो. स्की म्हणजे काय, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. आई मला घेऊन हेडमास्तरांकडे गेली. ते म्हणाले, "शब्द नॉर्वेकडचा. मूळ अर्थ चिरलेलं लाकूड. तशा दोन फळ्या पायांना बांधून बर्फाच्या उतारावरून घसरतात. फळीलाही स्की म्हणतात आणि त्या घसरण्यालाही." आईनं बर्फ म्हणून फक्त केळीची पानं फाडणाऱ्या गारा पाहिल्या होत्या. ती एवढंच म्हणाली, "माणसाले लाकडाशी कधी बांधतात ते मले माहीत आहे, गुरुजी." त्या दिवसापासून तिनं घरात कुऱ्हाड उचलू दिली नाही, पोरगं ज्यावर उभं आहे ते इथं कसं फोडू, म्हणायची. चूल गोवऱ्यांवर धुमसायची आणि दाराची कडी वाजली की भाकरी थापणारा तिचा हात थांबायचा. फाल्गुनात भाऊ धडधाकट घरी आला. आंघोळीचं पाणी तापवायला त्यानं कोणाला न विचारताच परसातला ओंडका फोडायला घेतला. आई दारात उभी राहून त्याच्या पायांकडे बघत राहिली, शेवटचा घाव पडेपर्यंत. आता मी तिच्याहून म्हातारी झाले आहे. कुठं कुऱ्हाडीचा आवाज आला, की अजूनही आधी घरातली माणसं मोजते.