गच्चीवरचं बेट

आमच्या घरमालकांइतका हट्टी माणूस सबंध बंगळुरात दुसरा नाही, आणि असलाच तर त्याने मल्लेश्वरमला येऊन आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालून दाखवावेत. गच्चीवर त्यांनी पांढऱ्या रंगाने आपलं बेट आखून ठेवलं आहे. कारवारसमोरच्या त्या इवल्याशा बेटावर त्यांच्या लहानपणी आधी लष्कराची चौकी आली, काही वर्षांनी सगळं बेटच लष्कराकडे गेलं आणि माणसं विखुरली. आता तिथे कुणाला पाऊल टाकता येत नाही. म्हणून अण्णा (भाडेकरू पुण्याचा असला तरी त्याने त्यांना अण्णाच म्हणायचं, हा करारात न लिहिलेला नियम) बेटाचा इतिहास लिहिताहेत, आणि लिहिण्याआधी प्रत्येक वाट पायांनी चालून बघताहेत. पाण्याची टाकी ही विहीर, जिन्याचं दार हा धक्का. पहिल्याच आठवड्यात मी दोरीवर टॉवेल टाकला, तर मागून शांत आवाज आला, "स्वल्प बाजूला घ्या. देवळात कोण ओले कपडे वाळवतं?"

इतिहासात बत्तीस घरं आहेत. कुणाचं कुणाशी कुंपणावरून वाजलं, कुणाचा कुत्रा कुणाला चावला, सगळं नोंदलेलं. चौकीतल्या शिपायांना मात्र एकच ओळ : 'नंतर ते आले.' मी एकदा म्हटलं, "अण्णा, तेही राहिलेच की तिथे." "राहिले असतील. बेटकरी नव्हेत ते," म्हणाले, आणि विषय मिटला. खरी अडचण विहिरीशेजारच्या कोऱ्या चौकटीची होती. तिथे काहीतरी होतं, पण कुणाचं, ते फोन करकरून पिडलेल्या एकाही बेटकऱ्याला आठवेना. सांगू शकेल अशी एकच उरली होती, हेब्बाळला लेकीकडे राहणारी त्यांची थोरली बहीण, अक्का. आणि अक्काला विसरायला होऊ लागलं होतं. दर रविवारी अण्णा दोन बस बदलून जायचे. ती त्यांना वडील समजून विचारायची, "जाळी वाळली?" हे "वाळली" म्हणायचे आणि पुन्हा चौकटीवर यायचे. "ती विसरायच्या आत मला लिहायला हवं," एवढंच मला सांगायचे.

शेवटी गेल्या महिन्यात त्यांनी अक्कालाच इथे आणलं. खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी तिला गच्चीवर चढवलं. ती उठली, रेघांवरून सावकाश चालली आणि कोऱ्या चौकटीपाशी थांबून चक्क लाजली.

"हे घर नव्हे रे. शिपायांचा भटारखाना हा. दुपारी आई निजली की तो मला भिंतीवरून गरम रोटी द्यायचा."

"कोण तो?"

"धनसिंग."

अण्णा तिच्यासमोर येऊन उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "अक्का, आणि मी कोण गं?"

तिने त्यांना नीट न्याहाळलं. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे. "तुम्ही ह्यांचे घरमालक ना?" ती अदबीने म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. अण्णांनी "सरी", म्हणजे बरोबर, म्हणून मान डोलावली, गुडघ्यावर हात टेकून खाली बसले आणि ब्रश रंगात बुडवून चौकटीत लिहिलं : 'घर तेहेतिसावं. धनसिंग.' येत्या रविवारी ते पुन्हा हेब्बाळला जाणार आहेत. धनसिंगचं गाव कोणतं, ते विचारायचं राहिलंय.