टेबलावरची बटनं

चार फिटर एका जागी बसले की घंटीचे किस्से निघणारच. एक सांगावा तर मागून दहा ढकलत येतात. आणि खरं सांगते, त्यातल्या बहुतेकांत मान खाली घालायची पाळी आमचीच!

साठ सालाच्या आगेमागची गोष्ट. अकोल्यात माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे मोठ्या दिरांचं, वीजफिटिंगचं दुकान होतं. बड्या लोकांना तेव्हा टेबलावर घंटीचं बटन हवं असे. दाबलं की माणूस हजर! मी चौथी शिकलेली. जुन्या घंट्या खोलून-जोडून काम शिकले. कोणी शिकवलं नाही.

भासरे म्हणाले, "बाईले फिटर म्हनून पाठवतो तं लोकं हासतात. तुह्या कामाची एक तक्रार आली, का अवजाराची पेटी खाली ठेवाची!"

"ठेवीन!" मी म्हटलं.

*

पहिलंच काम अकोटच्या जिनिंगवाल्या शेठचं. टेबलावर पाच बटनं: मुनीम, शिपाई, ड्रायव्हर, चहा, पाणी. शेठनं ऐटीत पाचही दाबून पाहिली. पाचही वेळा एकच म्हातारा धावत आला!

"मालक," तो धापा टाकत म्हणाला, "मुनीमबी मीच, डायवरबी मीच. कोनाले बोलावून राहिले तुमी?"

सगळी कचेरी हसली. पाचही घंट्या त्याच्या एकाच स्टुलाच्या डोक्यावर टांगताना मला हे सुचू नये? शेठही हसला, म्हणून पेटी वाचली.

*

अमरावतीच्या वकिलांकडे आमच्या दुकानातल्या गणपत फिटरनं बटन कुठं हवं ते विचारलंच नाही. टेबलावर रिकामी जागा दिसली, ठोकलं बटन. नेमकं कोपराखाली! वकीलसाहेब लिहायला बसले की आत घंटी. दर घंटीला चहा! कप ठेवायला जागा उरेना, तेव्हा वकिलीणबाई कडाडल्या, "आता चूलच आणून ठेवते इथं!"

गणपत माझ्यामागे लपला. शिव्या मी खाल्ल्या.

*

परतवाड्याच्या मास्तरांची बायको गेली. त्यांनी स्वयंपाकघरातली घंटी काढून न्यायला सांगितलं. घंटी काढली, वायर गुंडाळली, टेबलावरचं बटन मात्र राहून गेलं. पुढं कधीतरी मी ते काढायला गेले, तर मास्तर एकटेच ते दाबत बसलेले.

मला पाहून हात मागे घेतला. "चुकून दाबल्या गेलं," म्हणाले.

पेचकस मी पदराखाली लपवला. पत्ता विचारायला आल्यासारखं काहीबाही बोलले आणि निघाले.

*

चांदूर बाजारच्या काकू अर्धांगानं खाटेला खिळलेल्या. मुलांनी खाटेशी बटन आणि स्वयंपाकघरात घंटी लावून घेतली. कोणता हात चालतो हे मी काकूंनाच विचारलं, आणि बटन डावीकडे बसवलं. काकूंनी दाबलं. सून पळत आली. काकू अशा हसल्या म्हणता!

महिन्याभरानं निरोप आला: बाईनं लावलेली घंटी बंद आहे. या खेपेला भासरे स्वतः सोबत निघाले. एसटीत माझी अवजाराची पेटी त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"सकाळपासून दाबून राहिली मी," काकू म्हणाल्या. "कोनीच येत नाही वं, पोरी."

मी स्वयंपाकघरात गेले. घंटीच्या वाटीत फडकं कोंबलेलं, वरून सुतळीनं आवळलेलं. चुलीपाशी तीच सून. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग तव्यावरच्या भाकरीकडे.

मी सुतळी सोडली. फडक्याची घडी केली आणि तिच्या हातात दिली.

बाहेर भासरे उभे होते. खाटेवरून काकूही कान देऊन होत्या.

"काय झालं होतं वं बाई?" भासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "कामच कच्चं होतं माझं."