होडीचं तोंड

जुन्या जालन्यातल्या त्या गल्लीत समुद्र पाहिलेली बाई एकटी विमलच. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या, आडावर घागरींची रांग लागली की शेजारची जयवंताबाई म्हणायची, "अगं कोकणवाले, तुझ्या समुद्रातलं दोन घागरी आण की जल्दी." विमल हसून म्हणायची, "खारट असतं हो ते. तुम्हा कोरड्या माणसांना काय कळणार!" सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि त्यांचं करता करता तिचं माहेर वर्षानुवर्षं राहून गेलं. पण समुद्र आपला आहे, एवढं तिनं घट्ट धरून ठेवलं होतं.

सासूबाई गेल्या त्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्यानं, केशवनं, आपलं सायकलचं दुकान भावावर सोपवलं. "तुझ्या आईला भेटून येऊ," म्हणाला. निजामाच्या गाडीनं मनमाड, मग मुंबई, तिथून बोटीनं रेवस. पुढं सगळी वाट किनाऱ्यानं, सायकलवर. दिवस मावळेल तिथं सुरूच्या झाडांखाली कापसाच्या गाठींवरची ताडपत्री बांधायची आणि पडायचं.

विमल कॅरिअरवर, मांडीवर गाठोडं. गाठोड्यात ज्वारीचं पीठ आणि आईसाठी घेतलेलं लुगडं. चढ लागला की ती उतरायची. वाळू लागली की दोघंही उतरायची, आणि वाळू संपतच नव्हती. अंगाला मीठ चिकटलेलं. केशवच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. ताडपत्री रोज दवानं जड व्हायची. समुद्र शेजारीच होता, पण त्याच्याकडे बघायलाही मान वळत नव्हती.

मोठ्या खाड्या त्यांनी तरीच्या होडीतून ओलांडल्या. मग एक लहान खाडी आली. तरीवाला नव्हता.

"पाणी उतरून राह्यलं का चढून?" केशवनं विचारलं. "तूच सांग बाई, समुद्र तुझा."

विमलनं नांगरलेल्या होड्यांकडे पाहिलं. लहानपणी वडिलांनी शिकवलेलं तिला बरोबर आठवत होतं. "होड्यांची तोंडं समुद्राकडे आहेत," ती म्हणाली. "ओहोटी आहे. चला."

केशवनं सायकल खांद्यावर घेतली. मध्यावर पोचेतो गुडघ्याचं पाणी कमरेला आलं, मग छातीला. पाय रेतीतून निसटू लागले. विमलनं गाठोडं डोक्यावर धरलं, तरी ते भिजलंच. पलीकडून एका कोळ्यानं होडी आणून दोघांना ओढून घेतलं.

"भरती चढतेय आणि खाडीत उतरता? डोळे आहेत की खोबण्या?"

"जालन्याकडची माणसं आम्ही, दादा," केशव धापा टाकत म्हणाला. "मलाच घाई झाल्ती. हिचं काही न्हाई त्यात."

विमलनं नांगरलेल्या होड्यांकडे पुन्हा पाहिलं. होडी नांगरली की पाणी जिकडून येतं तिकडे तोंड धरते, म्हणजे समुद्राकडे तोंड ती भरती. वडिलांनी शिकवलं होतं ते हेच. तिच्या मनात इतक्या वर्षांत ते उलटं होऊन बसलं होतं आणि तिला पत्ताही नव्हता. लुगड्याचा रंग पिठात उतरला होता. केशव साखळीतली रेती काडीनं काढत होता. सगळं त्यानं आपल्यावर घेतलं, हे तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शेवटची खाडी. पलीकडे माहेरच्या माडांचे शेंडे दिसत होते. होड्यांची तोंडं जमिनीकडे होती.

केशवनं सवयीनं तिच्याकडे पाहिलं. ती वाळूवर बसली. "थांबू. कुणी आलं की विचारू."

शिंपल्यांची पाटी घेऊन एक म्हातारी आली.

"मावशी, ओहोटी लागली ना?"

म्हातारी हसली. "इथल्या बाईला हे विचारावं लागत नाय. घाटावरची गो तू?"

केशव तिच्याकडे बघत राहिला. आता ही सांगेल, मी इथलीच म्हणून. गल्लीत किती वर्षं सांगत आली होती.

"हो," विमल म्हणाली. "जालन्याची."

"उतरतंय पाणी. जा सावकाश."

तिनं ओचा खोवला. केशव सायकल उचलायला वाकला, तोवर ती पाण्यात उतरली होती, एकेक पाऊल चाचपत, कधीच समुद्र न पाहिलेल्या बाईसारखी.