कणभर नमुना

चहा डाव्या हाताने प्यायचा, उजवा कामासाठी राखून ठेवायचा. शिंक आली की टेबलापासून चार पावलं लांब पळायचं. बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाचा सुटलेला धागा ओढायचा. काचेची पट्टी जोडून झाली की हातमोजा काढून उघड्या बोटाने कड चाचपायची. "डोळे फसवतात, बोट नाही," असं वर म्हणायचं.

प्रयोगशाळेत त्यांना सगळे मुंगीदादा म्हणत. प्रथिनाची साखळी टोकापासून एकेक मणी सोडवत वाचणारं यंत्र पूर्वी कपाटाएवढं होतं. दहा वर्षं खपून त्यांनी ते डब्याएवढं केलं. काचेच्या पट्टीत केसाहून बारीक वाटा कोरून.

मग त्यांचंच हृदय ताठरू लागलं. स्नायूत कुठलंतरी प्रथिन साचत होतं. कुठलं, ते कळल्याशिवाय औषध ठरेना. डॉक्टरांनी हृदयाचा बारीकसा तुकडा काढला. बाकीच्या तपासण्यांत तो जवळजवळ संपला. उरलं ते कपाटाएवढ्या जुन्या यंत्राला अपुरं होतं.

"आपला डबा आहे की!" दादा म्हणाले.

"मिक्सर दुरुस्त केलात तेव्हा वाटण छताला लागलं होतं," बायको म्हणाली. पण हसली.

नवी पट्टी त्यांनी स्वतः जोडली. कड चाचपली. नेहमीसारखी.

चार दिवसांनी रसायनाच्या मॅडम कागद घेऊन आल्या. बसल्या नाहीत.

"दादा, हे कातडीचं प्रथिन आहे."

"हृदयात कातडी कुठून येणार, मॅडम?"

दादांनी आपल्या बोटाकडे पाहिलं.

"आजवर कसं चाललं मग?"

"आजवर नमुना भरपूर असायचा. तुमच्या बोटाचं त्यात दडून जायचं. या वेळी नमुनाच कणभर."

"पायावर धोंडा पाडून घेणारे ऐकले होते," दादा म्हणाले. "मी बोटावरच भागवलं."

तो कणही आता संपला होता. दुसरा तुकडा काढायला डॉक्टर तयार होईनात. हृदयाला ते सोसणार नव्हतं.

"नमुना कमी पडला," दादांनी घरी सांगितलं.

"पडला, की कुणी पाडला?" बायकोने विचारलं.

दादांनी तिच्या पदराचा सुटलेला धागा ओढला.

औषध अंदाजाने सुरू झालं. अंदाज चुकला. पाय सुजले, जिना चढवेना. तरी ते सात आठवडे प्रयोगशाळेच्या खालच्या खोलीत येऊन काम करत राहिले. आठव्या आठवड्यात गेले.

त्यांच्या टेबलावर एक नवी पट्टी आहे. तिच्यात शेजारी शेजारी दोन वाटा असणार होत्या. एकीत नमुना जायचा. दुसरी नमुन्याशिवाय, कोरी चालवायची, म्हणजे बाहेरची घाण तिच्यात लगेच दिसली असती. पहिली वाट पूर्ण कोरलेली आहे. दुसरी नुसती आखलेली.